मानाची जागा

येलदरीच्या काठावर शिवशंकर दोन बोटी घेऊन आला तो सकाळी आठला, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या आधी पंकजाच्या सासऱ्यांच्या पाया पडला. पंकजाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. बोटी विकणारा पुण्याकडचा माणूस, पायात पांढरे बूट, डोळ्यावर काळा चष्मा, आणि वाकतोय कुणापुढं, तर पेडगावच्या सूर्यभानजींपुढं, ज्यांनी उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता. बोट घ्यायची तिच्या नवऱ्याला, नागेशला. चालवायची नागेशनं. आणि पाय बापाचे!

"संस्कार हायेत माणसावर," सूर्यभानजी खूश होऊन म्हणाले.

पंकजानं लेकीचा, साक्षीचा हात जरा घट्ट धरला.

फौजेतून परत येणारी माणसं काहीबाही घेऊन येतात. कुणी शिस्त आणतो, कुणी गुडघेदुखी. नागेशनं पाण्यावर अनवाणी पळायचं वेड आणलं होतं. तिकडं असताना तो पाण्यावरचे खेळ शिकला होता. एका फळीवर उभं राहून पाण्यातल्या सहा तरंगत्या गोळ्यांना वळसे घालायचे, ते स्लॅलम. आणि दुसरा प्रकार म्हणजे फळीच नाही. हातात दोरी, पुढं बोट ताशी साठच्या वेगानं पळतीय आणि माणूस नुसत्या तळव्यांवर उभा. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं मोबाईलवर हे दाखवलं तेव्हा पंकजाला वाटलं होतं, जोडून केलेलं चित्र असेल. आता त्यानं धरणावर क्लब काढला होता, परवानगी मिळाली होती, परभणी-जिंतूरची नऊ पोरं-पोरी शिकायला नावं देऊन बसली होती. फक्त बोट नव्हती. ती आज ठरायची होती.

आणि बोट ठरली की तिच्यावर पहिली फेरी साक्षीची, हेही ठरलं होतं. साक्षी सात वर्षांची. बोटीच्या बाजूला एक आडवा दांडा बसवतात, त्याला धरून नवशिक्यानं पाण्यावर उभं राहायचं. नागेशनं तिला दिवाळीत शब्द दिला होता. पोरगी तेव्हापासून घरभर दाराची कडी धरून मागं रेलून उभी राहायची आणि "बाबा, आसं का?" म्हणून विचारायची.

"हे बघ," नागेशनं पंकजाला कितीदा समजावलं होतं, "साठच्या वेगाला पाणी म्हंजे सिमेंटचा रस्ता. बोटीच्या मागं जी लाट उठती ना, ती जेवढी बसकी तेवढं बरं. रस्त्यावर वीतभर बांध आला तर काय होईल? तोंडावर. बोट निवडायची म्हंजे तिची लाट निवडायची. बाकी रंग नि गाद्या गेल्या उडत."

म्हणून पंकजा आज रंग नि गाद्यांकडंच जास्त बघत होती. जिथं बघू नको म्हणतात तिथं बघायची तिला सवय.

एक बोट निळी, नवीकोरी दिसणारी. वर कमान, कमानीला स्पीकर, मऊ गाद्या. दुसरी कधीकाळी पांढरी असावी, आता ताकासारखी झालेली. इंजिनाची पेटी ऐन मधोमध, तिच्याजवळ दोरी बांधायचा एक खांब, आणि बैठकींना चिकटपट्ट्या.

"वहिनी, निळीच बघा," शिवशंकर हसून म्हणाला. "पांढरी फक्त तुलनेसाठी आणली. साहेबांनी दोन बघायच्या म्हटलं होतं म्हणून."

पंकजानं निळीची मागची बैठक उचलून पाहिली. खाली रबराच्या दोन मोठ्या पिशव्या चपट्या पडलेल्या, त्यांना नळ्या जोडलेल्या.

"हे काय?"

"ते होय? फालतू सामान वहिनी, आधीच्या मालकाचं. काढून टाकू."

"नळ्या कशाला मग?"

"पंकजा," नागेश रबरी सूट अंगात चढवता चढवता म्हणाला, "खोकल्याचं औषध."

तिनं बैठक खाली टाकली. हा त्यांच्या घरातला टोमणा होता. मागच्या वर्षी साक्षीच्या शाळेच्या रिक्षावाल्याच्या, भारतच्या, तोंडाला वास येतो म्हणून तिनं मुख्याध्यापकांपर्यंत तक्रार नेली होती. वास खोकल्याच्या औषधाचा निघाला. तिला त्याच्या घरी जाऊन माफी मागावी लागली आणि भारतची बायको कोकिळा दारात उभी राहून म्हणाली होती, "शिकल्या-सवरल्या बायका तुमी, आधी विचारायचं तरी." तेव्हापासून पंकजाला कशाचाही संशय आला की दुसरा संशय स्वतःचाच यायचा.

निळी पाण्यात उतरली. शिवशंकरबरोबर पंडित नावाचा त्याचा माणूस होता, चांगला शंभर-सव्वाशे किलोचा, बोलायला कमी. शिवशंकरनं नारळ आणला होता, हळदकुंकू आणलं होतं. बोटीच्या टोकाला नारळ वाढवून तो सूर्यभानजींना हात देत म्हणाला, "काका, तुम्ही पुढं. मानाची जागा तुमची. घरातल्या वडीलमाणसानं नाकावर बसायचं, म्हणजे बोट लाभते. पंडित, काकांशेजारी बस, त्यांना धर."

सूर्यभानजी फेटा सावरत पुढं जाऊन बसले. वजनानं तेही काही कमी नव्हते, नव्वद किलोच्या पुढं. पंडित त्यांना खेटून बसला. पंकजा चालवणाऱ्याजवळ, मागं तोंड करून बसली. अशी एक व्यक्ती बोटीत लागतेच. चालवणारा पुढं बघतो, म्हणून मागं ओढल्या जाणाऱ्या माणसावर कुणीतरी नजर ठेवायची, तो पडला की हात वर करायचा. हे काम पंकजाकडं होतं, आणि मोबाईलवर चित्रण करायचंही.

शिवशंकरनं बोट सोडली. नागेश आधी पाठीवर, मग दोरीच्या आधारानं बसता, मग टाचा टेकवून हळूहळू उभा. त्याच्या पायांपासून पाण्याचे दोन पंखे उडत होते. साठ. बासष्ट. तो लाटेच्या या अंगाला गेला, त्या अंगाला गेला, एक पायसुद्धा उचलला. लाट चादरीच्या चुणीएवढी. पंकजाला दर वेळी वाटायचं तसं वाटलं, की हा माणूस आपला आहे आणि आता पडेल. तो पडला नाही. मग एका फळीवर स्लॅलमचे वळसेही झाले.

"लोणी!" काठाला येता येता तो ओरडला. "बापू, लोणी हाय लोणी!"

मग पांढरी. नागेश दोरी धरून पाण्यातच थांबला. सूर्यभानजी सवयीनं पुढं निघाले तर शिवशंकरनं त्यांना अडवलं. "काका, मघाशी वारं लागलं तुम्हाला. आता मागं टेकून निवांत बसा. पंडित, काकांना मागं घे."

पांढरीमागं नागेश दुसऱ्यांदा लाट ओलांडताना डगमगला, तिसऱ्यांदा सुटला. "नको," तो बोटीत चढत म्हणाला. "हिची लाट लय टणक. बांधावरून सायकल घातल्यावानी. निळीच घेऊ."

"मी म्हटलंच होतं," शिवशंकर म्हणाला. आणि लगेच पंडितला, "निळीला दांडा लाव. चिमणीला फिरवून आणू. हिच्या पायानं सुरुवात, म्हणजे बघायलाच नको!"

साक्षी टुणकन उठली. तिचं जॅकेट सकाळपासून अंगात होतं, आता तिनं त्याचे पट्टे स्वतःच ओढून घट्ट केले.

पंकजा बाभळीच्या सावलीत मोबाईल घेऊन बसली. एवढी घाई का? कुणालाच कशाची घाई नव्हती, फक्त विकणाऱ्याला होती. तिनं पहिलं चित्रण लावलं. नागेश, लाट, दोरी. चौकटीच्या खालच्या काठावर मागची रिकामी गादी. मग दुसरं. नागेश, लाट, दोरी. आणि खालच्या काठावर मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, धोतराचा गुडघा, पंडितचं कोपर. तिनं परत पहिलं लावलं. गादी रिकामी. दुसरं. गुडघा, कोपर.

दोनशे किलो.

बी.एस्सी.ला तरफेची गणितं तिनं कॅन्टीनच्या पावतीमागं सोडवली होती. पुढं दोनशे किलो बसले तर बोटीचं बूड वर उचललं जाणार, पाणी कमी दाबलं जाणार, लाट बसकी. मागं बसले तर उलटं. आणि हे सगळं मामांना मान देऊन केलेलं. कोण म्हणणार, की वडीलमाणसाला पुढं का बसवलं?

किंवा खोकल्याचं औषध. मामांना खरंच वारं लागलं असेल.

पंडित दांड्याचे बोल्ट आवळत होता. साक्षी त्याच्या डोक्यावर उभी राहून बघत होती. पंकजा उठली.

"अहो, जरा इकडं या."

नागेश आला. तिनं दोन्ही चित्रणं दाखवली. तो हसला, मग चिडला. "बसण्यानं काय होतंय? माझे तळवे खोटं सांगतेत का? मोबाईलवर काय का दिसत असंना, मला पायाला कळतंय."

"पायाला लाट कळती. लाट कशानं झाली ते पायाला कसं कळंल?"

"तुला ना, गंगेत घातली तरी तू म्हणशील पाणी कुणी वतलं!"

"म्हणीन. पण पोरगी माझी बी हाय."

आवाज चढला तशी शिवशंकरनं चष्मा कपाळावर घेतला. "काय झालं वहिनी?"

सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे तिची जीभ जड व्हायची, पण आता साक्षीनं एक पाय बोटीत टाकलाच होता. "काही नाही. पुन्हा एक फेरी करू. दोन्ही बोटींची. मामा आणि पंडित काठावर थांबतील."

"अहो, इंधन आहे, वेळ आहे. साहेबांचं समाधान झालंय ना? आणि काकांना उतरवायचं म्हणजे..." त्यानं सूर्यभानजींकडं पाहून हात जोडले. "वडीलमाणसाचा अपमान मी नाही करणार."

सूर्यभानजी दगडावर बसून तंबाखू मळत होते. पंकजाला वाटलं, आता सासरा आपल्याला गप्प करणार. मान मिळालेला माणूस मान सोडतो थोडाच.

"पंकजा," ते म्हणाले, "मला पुढं बसवलं, मंग मागं बसवलं. ह्यानं फरक पडतो म्हंतीस?"

"पडतो, मामा."

"किती?"

"तुमी दोघं म्हंजे दोन क्विंटल. बैलगाडीत दोन क्विंटल धुरेवर टाकलं आन् मागं टाकलं तर?"

म्हाताऱ्याचा हात थांबला. तंबाखू तळहातावर तशीच राहिली. धुरेवर ओझं आलं की बैलाच्या मानेवर येतं आणि मागं गेलं की गाडी उलाळ होते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते हळूहळू उठले.

"सावकार," ते शिवशंकरला म्हणाले, आणि पंकजाला कळलं की 'संस्कार' संपले. "मी चाळीस वर्सं बैलं घेतली. विकणाऱ्या हेड्याच्या हातात बैल कदीच लंगडत न्हाई. दावं आपल्या हातात घेऊन चार पावलं चालवायचा, मंग ऐब दिसतो. मी काय केलं? तुमी पाया पडलात, मी दावं तुमच्याच हातात ठिवलं. वर सोताच वजन हून बसलो."

"काका, तुमचा गैरसमज..."

"आसंल. तर फेरीनं जाईल. बोट तुमीच चालवा. माणसं आमच्या मनानं बसतील. म्हंजे बसणारच न्हाईत. आन् तवर माझी नात खाली उतरंल. साक्षे, ये इकडं."

"आजोबा, मी काय केलं?"

"तू कायबी न्हाई केलंस. आमी केलं."

नागेश दोरी घेऊन पाण्यात गेला. रागात होता, आणि राग कुणावर हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. निळीत दोघंच, शिवशंकर आणि पंकजा. या वेळी पंकजाची मान सारखी वळत होती, एकदा मागं नवऱ्याकडं, एकदा पुढं वेगाच्या काट्याकडं. साठ. एकसष्ट. एकसष्ट. नागेश उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आता फुगून आलं होतं, नांगरानं खोल तास धरल्यावर माती उलटते तसं. तो डावीकडं निघाला. लाटेच्या कण्यावर त्याचा अंगठा अडकला. तो पडला नाही, फेकला गेला. दोनदा पाण्यावरून आपटत गेला आणि तिसऱ्यांदा आत.

पंकजाचा हात वर. शिवशंकरनं बोट वळवली. पाण्यात जॅकेट दिसत होतं, डोकं दिसत नव्हतं. मग डोकं वर आलं. नाकातून थोडं रक्त.

"लागलं का? बोला ना, लागलं का?"

"न्हाई." तो बोटीला हात घालून लोंबकळला, खोकला. "वेग तोच होता?"

"एकसष्ट. मी बघत होते."

त्यानं शिवशंकरकडं पाहिलं. शिवशंकर सुकाणूवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होता, धरणाच्या.

"साहेब, बोट खराब नाही," तो शेवटी म्हणाला. आवाजातली साखर गेली होती, आणि पंकजाला तो पहिल्यांदाच खरा वाटला. "ही बोट लाट उठवायलाच बनवलेली आहे. मोठ्या फळीवर उड्या मारणाऱ्या पोरांसाठी. त्या पिशव्यांत पाणी भरलं की अजून मोठी लाट होते. इकडं ह्या बोटीला गिऱ्हाईक नाही. पांढरीला दोघं मागं लागलेत."

"मग सांगायचं ना तसं!"

"मी खोटं एक अक्षर बोललो का, वहिनी? तुम्ही विचारलं नाही."

"विचारलं होतं. पिशव्यांचं."

त्यानं चष्मा पुन्हा डोळ्यावर घेतला. पंकजानं नवऱ्याकडं बघायचं टाळलं. जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. त्या जागी पंचवीस किलोची साक्षी असती तर, हे एकच चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

मग पांढरीची फेरी झाली, तिच्यातही दोघंच. इंजिनाचं वजन मधोमध, त्यामुळं बोट पाण्यावर पोळपाटासारखी सपाट बसली, दोरी मधल्या खांबाला, ओढ सरळ. नागेश लाट ओलांडून गेला तेव्हा पंकजाला लाट कुठं होती ते शोधावं लागलं. दहा वेळा गेला. फळीवर वळसे घेतले तरी बोटीचं नाक इकडंतिकडं झालं नाही. काठाला आल्यावर तो 'लोणी' म्हणाला नाही. म्हणाला, "ही."

शिवशंकरनं दोन गिऱ्हाइकांना दिलेल्या शब्दाबद्दल थोडी कुरकुर केली. सूर्यभानजी म्हणाले, "तेंना निळी दाखवा, पुढं बसवून," आणि पंडित, जो सकाळपासून हसला नव्हता, तो पोट धरून हसला.

दांडा निळीवरून काढून पांढरीला बसला. पंकजानं प्रत्येक बोल्ट स्वतः हलवून पाहिला. साक्षी परत उभी राहिली. रडून तिचे डोळे लाल झाले होते, पट्टे तसेच घट्ट.

"आता?" नागेशनं विचारलं, आणि पोरीला न विचारता पंकजाला विचारलं.

तिच्याकडं आता एकही कारण उरलं नव्हतं. बोट तिनं तपासली होती, लाट तिनं पाहिली होती, वारंही पडलेलं. तरी भीती गेली नव्हती.

"आधी मी," ती म्हणाली.

"तू?"

"मला पोहता येतं. पेडगावच्या विहिरीत शिकलीय, पाठीला डबा बांधून."

"अगं, पण..."

"तुमी चालवा. दुसऱ्या कुणाच्या हातात नको."

पंजाबी ड्रेसवर जॅकेट, पायात नवशिक्यांच्या दोन फळ्या. नजर ठेवायला बोटीत मागं शिवशंकर बसला. सासऱ्यांसमोर असं पाण्यात उतरायची लाज वाटायला हवी होती, पण सूर्यभानजी साक्षीला मांडीवर घेऊन शांतपणे बघत होते, बाजारात जनावर बघतात तसे. नवशिक्याला तीसचा वेग पुरतो. दांडा हाताला गार लागला. बोट निघाली, पाणी तिच्या मांड्यांना रेटत वर आलं आणि मग अचानक रेटा संपला, फळ्यांखाली काहीतरी कडक, घोटलेलं, धावणारं आलं. ती उभी होती. बोटीचं मागचं पाणी तिच्या शेजारून सपाट निघून जात होतं. काठावरून साक्षीची किंकाळी आली, "आई उभी राहिली!"

गोळ्यांच्या रांगेपाशी नागेशनं वळण घेतलं आणि पंकजाच्या फळ्या मऊ पाण्यात रुतल्या. एका क्षणात ती आत. नाकात पाणी, कानात पाणी, कुठं वर नि कुठं खाली. जॅकेटनं तिला वर आणलं तेव्हा बोट शेजारी होती आणि नागेश अर्धा बाहेर लोंबत होता, चेहरा कागदासारखा.

"लागलं का? पाय मुरगळला का? खरं सांग!"

ती खोकत राहिली, मग दांड्याला हात घातला. "वळताना तुमी वेग कमी केलात."

"न्हाई."

"केलात. माझ्या फळ्या बसल्या ना खाली. वेग ऱ्हायला असता तर मी पडले नसते."

नागेशनं मागं शिवशंकरकडं बघितलं. शिवशंकरनं खांदे उडवले. "तीसवरनं वीसवर आणलं साहेबांनी, वहिनी. मी बघितलं."

"तुझं तोंड तसं दिसायलं होतं," नागेश पुटपुटला. "मला वाटलं पडतीस का काय."

पंकजानं तोंडावरचे केस बाजूला केले. काठावर साक्षी उड्या मारत होती, आपली पाळी आता, आत्ता, असं हात हलवून सांगत होती.

"बोट चांगली हाय," पंकजा म्हणाली. "चालवणारा भितोय. मला अजून दोनदा फिरवा, वळणावर काटा तीसवर ठिवून. मंग बघू साक्षीचं."

नागेश सुकाणूकडं वळला. तिनं दांडा पुन्हा दोन्ही हातांनी धरला, पाय पुढं घेतले, आणि त्याचा हात वेगाच्या दांडीवर नीट आहे का ते मान उंचावून बघितलं.